माहितगार, वय अंदाजे चाळीस

(युवक अभ्यास-शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघात राहून गेलेली काही नावं आणि सालं नंतर घातली आहेत.)



पत्रकावर माझ्या भाषणाचा विषय छापलाय : 'लॅटिन अमेरिकेतील समाज, संस्कृती व मूळ रहिवासी : आंतरविद्याशाखीय अभ्यास'. हे वाचून दोन पोरं मघाशीच टपरीवर सटकली. त्यांचं काही चुकलं नाही. तुम्ही बसलाच आहात तर ऐका.

मी प्राध्यापक नाही. एका ग्रंथालयात अठ्ठावीस वर्षं पुस्तकांची ढकलगाडी ओढली. वाचून झालेली पुस्तकं जागेवर लावायची, धूळ झटकायची, वाळवी दिसली तर कळवायचं. तिसऱ्या मजल्याच्या टोकाला दक्षिण अमेरिकेचं कपाट होतं. तिकडं कुणी फिरकायचं नाही म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत तिथं डबा खायचो. खाता खाता चाळायची सवय लागली. इंग्रजी कच्चं, मांडीवर कोश. पहिलं पुस्तक संपायला दीड वर्ष लागलं. असा हा माझा अभ्यास.

त्यातल्या एका पुस्तकात फोटो होता. डोंगरातला माणूस, पाठीवर गवताचा भारा, नजर सरळ कॅमेऱ्यात. खाली ओळ : माहितगार, वय अंदाजे चाळीस. नाव नाही. त्याच पुस्तकाच्या सुरुवातीला लेखकाच्या बायकोचं नाव होतं, टंकलेखन करणाऱ्या बाईंचं होतं, पैसे देणाऱ्या संस्थांची होती. ज्यानं सगळं सांगितलं त्याचं तेवढं नव्हतं.

माझा घास तिथंच अडकला. कारण १९८१ साली आमच्या वस्तीत एक संशोधक आले होते. खांद्याला टेपरेकॉर्डर. मी तेव्हा तेरा वर्षांचा. 'मावशी, मावशी' करीत ते आमच्या खोलीत बसले आणि माझी आय दुपारभर बोलली. गाव कसं सोडलं, दुष्काळात खडी कशी फोडली, पहिलं पोर कसं गेलं. मला तिनं कधी सांगितलं नव्हतं ते सगळं त्या मशीनला सांगितलं. मग ओव्या म्हटल्या. दोन कॅसेटी भरल्या. शेजारून दूध आणून तिनं चहा केला. पुस्तक निघालं की पाठवतो, असं म्हणून ते गेले. पुढं किती वर्षं ती विचारायची, 'त्या सायबाचं बुक आलं का रं?' १९९७ ला ती गेली. आमच्या घरात तिचा आवाज नाही. तो कुठल्यातरी संस्थेच्या कपाटात आहे.

म्हणून हा विषय मला परका वाटत नाही. अँडीजच्या पहाडात क्वेचुआ आणि आयमारा बोलणारे जे लोक राहतात, त्यांच्याइतके बाहेरच्यांनी अभ्यासलेले लोक जगात थोडे. त्या अभ्यासाचं काय झालं, त्यानं कुणाचं भलं केलं, कुणाला आंधळं केलं, हे आज बोलायचंय.

आधी पैशाचं बोलू. १९५७ ला रशियानं स्पुटनिक सोडला. अमेरिकेच्या पोटात गोळा आला. १९५८ मध्ये त्यांनी कायदा केला, नाव राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा. नावातच संरक्षण. त्या पैशातून विद्यापीठांत जगाच्या एकेका प्रदेशाची केंद्रं निघाली. इतिहास, भाषा, मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, सगळ्या खात्यांची माणसं एका छपराखाली. ह्यालाच म्हणायचं आंतरविद्याशाखीय. १९५९ ला क्युबात क्रांती झाली आणि लॅटिन अमेरिकेच्या अभ्यासाला एकदम भाव आला. आणि ऐका, दक्षिण आशियाची केंद्रंही ह्याच कायद्याच्या पैशावर वाढली. म्हणजे क्वेचुआ माणूस आणि तुम्ही-आम्ही एकाच तिजोरीतून अभ्यासले गेलो. पी. एल. ४८० चा गहू आपल्या आयाबापांनी रेशनवर खाल्ला. त्या गव्हाच्या रुपयांतून १९६२ पासून अमेरिकेचं संसद-ग्रंथालय इथली पुस्तकं खरेदी करायला लागलं, मराठीसुद्धा. गहू आमच्या पोटात, पुस्तकं त्यांच्या कपाटात.

१९६४ साली तर अमेरिकन लष्करानंच एक संशोधन काढलं. नाव प्रोजेक्ट कॅमेलॉट. बजेट साठ लाख डॉलरपर्यंत. गरीब देशांत बंड केव्हा पेटतं आणि ते कसं रोखायचं, ह्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास. चिलीत बिंग फुटलं, बोंबाबोंब झाली, आणि जुलै १९६५ मध्ये गाशा गुंडाळला.

आता इथं आपल्यातले काही जण म्हणतील, म्हणजे सगळे साले हेर. नाही. असं म्हणणारा माणूस आळशी असतो. त्याला वाचायचं नसतं म्हणून तो सगळ्यांना हेर ठरवतो.

जॉन मुर्रा घ्या. ओडेसात जन्मलेला, स्पेनच्या यादवीत फासिस्टांविरुद्ध लढलेला. त्याच्या राजकारणापायी अमेरिकन सरकारनं त्याला कितीतरी वर्षं पासपोर्ट दिला नाही. पेरूला जाता येईना तेव्हा हा माणूस ग्रंथालयात बसून इंकांच्या राज्याचं अर्थकारण उलगडत बसला. १९५६ ला त्याचा प्रबंध झाला. तोवर इंकांबद्दल दोनच गोष्टी चालायच्या. एक म्हणजे ते रानटी सूर्यपूजक होते, दुसरी म्हणजे ते स्वर्गातले समाजवादी होते. दोन्ही राजवाड्यातून ऐकलेल्या. मुर्रानं काय केलं? स्पॅनिश सरकारचे पाहणी-कागद उघडले. १५६२ चा वानुको भागातला घरोघरचा दाखला, १५६७ चा टिटिकाका सरोवराकाठच्या लुपाका लोकांचा. कुणाच्या घरात किती माणसं, कुठं पेरतात, काय देतात. कारकुनी कागद. राजाच्या बखरीपेक्षा तलाठ्याचं दप्तर जास्त खरं बोलतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

त्या दप्तरातून निघालं ते असं. लुपाकांची वस्ती समुद्रसपाटीपासून ३८०० मीटरवर. तिथं बटाटा होतो, लामा-अल्पाका चरतात, मका नीट होत नाही. मग त्यांची काही घरं खाली पॅसिफिकच्या किनाऱ्याकडं राहायची, मका आणि कापूस पिकवायची. काही घरं पलीकडच्या उतारावर, कोकाची पानं काढायला. बाजार नाही, व्यापारी नाही. सगळे एकाच समाजाचे, खाली गेलेल्यांचा वरच्या जमिनीवरचा हक्क शाबूत. पहाडाच्या एकेका पायरीवर आपली माणसं ठेवायची आणि एकमेकांत वाटून घ्यायचं. १९७२ मध्ये मुर्रानं ह्याची सविस्तर मांडणी केली. त्याच्याबरोबर खोदकाम करणारे होते, पिकं ओळखणारे होते, आजच्या खेड्यात राहून बघणारे होते. वानुको पाम्पाच्या टेकडीवर इंकांची जवळपास पाचशे कोठारं निघाली. कागदावरचं बोलणं आणि जमिनीतले दगड समोरासमोर बसवले. चार शास्त्रं एकत्र बसवायची ती अशासाठी. एकटा इतिहासकार कोठार बघत नाही, एकटा खोदणारा कागद वाचत नाही.

आणखी एक गोष्ट त्यातून उघडी पडली. इंका राजा शेतकऱ्याच्या घरातलं धान्य घेत नव्हता, त्याची मेहनत घ्यायचा. सरकारी शेतावर पाळी लागायची, तिला म्हणत मिता. पाळीच्या दिवसांत खाणंपिणं राजाकडून. इंकाही साम्राज्यवालेच होते, त्यांची आरती मी करणार नाही. पण पुढं स्पॅनिशांनी शब्द तोच ठेवला आणि १५७३ पासून पोतोसीच्या चांदीच्या खाणीत दर सात बाप्यांतला एक, वर्षाला साडेतेरा हजार माणसं, सक्तीनं नेली. 'ही तर तुमची जुनी रीत आहे' म्हणून. आपल्याला वतन म्हणजे काय हे माहीत आहे, त्यामुळं ह्या वाक्याचा वास ओळखायला आपल्याला परदेशी जावं लागत नाही.

ह्या दप्तरांत पुरावा दिला कुणी? गावच्या म्होरक्यांनी, किपू हातात घेऊन. किपू म्हणजे रंगीत दोऱ्यांच्या गाठी. कुठल्या जागी कुठली गाठ, त्यावर एकं, दहं, शतं. स्पॅनिश साहेबापुढं उभं राहून म्होरक्या दोऱ्या बोटांनी चाचपत आकडे सांगायचा आणि कारकून लिहून घ्यायचा. चारशे वर्षांनी त्या कारकुनाच्या कागदावर जगभर मान्यता मिळालेलं शास्त्र उभं राहिलं. मुर्राला मी सलाम करतो. पण पहिला अभ्यासक तो दोऱ्यावाला.

आणि लिहिणारेही होते. वामान पोमा नावाचा एक इंडियन. आधी पाद्र्यांचा दुभाष्या, मग वामांगा शहरात आपल्या जमिनीसाठी कोर्टात भांडला, हरला. १६०० साली त्यालाच दोनशे फटके आणि दोन वर्षांची हद्दपारी. त्यानंतर त्यानं स्पेनच्या राजाला पत्र लिहिलं. पत्र जवळपास बाराशे पानांचं, सुमारे चारशे चित्रं. पाद्री बाई कशी नासवतो, अंमलदार कसा मारतो, सगळं काढून दाखवलं. मोडकी स्पॅनिश, मधे मधे क्वेचुआ. १६१५ च्या सुमारास संपवलं. राजानं काही केलं नाही. ते हस्तलिखित कोपनहेगनच्या राजग्रंथालयात जाऊन पडलं आणि १९०८ मध्ये एका जर्मन विद्वानाला सापडलं. १९३६ ला पॅरिसात छापलं गेलं. तीनशे वर्षं! त्या तीनशे वर्षांत 'इंडियनांना लिहिता येत नाही' ह्या विषयावर किती पुस्तकं निघाली असतील मोजा.

आता मी ज्यासाठी खरं तर आलो ती गोष्ट.

खोसे मारिया आर्गेदास. जन्म १९११. आई लहानपणीच गेली. सावत्र आईनं त्याला स्वैपाकघरात नोकरांत ढकललं. नोकर सगळे क्वेचुआ बोलणारे. गोऱ्या कातडीचं पोर त्यांच्या उबेत वाढलं, त्यांचीच भाषा आधी शिकलं. पुढं तो मानववंशशास्त्रज्ञ झाला, गाणी गोळा केली, प्राध्यापकी केली. आणि कादंबऱ्या लिहिल्या. १९६४ ला त्याची 'तोदास लास सांग्रेस' आली, म्हणजे सगळी रक्तं. पहाडातला जमीनदार, खाण कंपनी, इंडियन गावं, सगळं तीत.

२३ जून १९६५ ला लिमाच्या एका संशोधन संस्थेत त्या कादंबरीवर गोलमेज बसली. समाजशास्त्रज्ञ, समीक्षक, बहुतेक सगळे पुरोगामी, डावे. आर्गेदास समोर बसलेला. आणि एकेकानं सोलायला सुरुवात केली. समाजाचं चित्र चुकीचं आहे. जुनाट आहे. दिशाभूल करणारं आहे. आँरी फाव्र नावाचे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ म्हणाले की वानकावेलिकात मी दीड वर्ष राहिलो, मला इंडियन कुठं दिसले नाहीत, फक्त पिळले जाणारे शेतकरी दिसले.

थांबा जरा इथं. हे वाक्य आपण कुठं ऐकलंय? 'आम्हाला दलित दिसत नाहीत, आम्हाला फक्त शेतमजूर दिसतात.' ऐकलंय ना? चहा पाजून, खांद्यावर हात ठेवून सांगतात. पिळवणूक खरीच आहे, नाही कोण म्हणतो? पण ज्याला गावात शेतकरी म्हणून लुटलं जातं आणि शहरात टोपी आणि बोली बघून फुटपाथवरून ढकललं जातं, त्याची दुसरी जखम दीड वर्षात दिसत नसेल तर डोळे तपासून घ्या. क्वेचुआ माणूस गोऱ्या परक्यापुढं आपण कोण ते का लपवतो, हे कळायला शास्त्र लागत नाही, स्वैपाकघरात वाढावं लागतं.

त्या रात्री आर्गेदासनं घरी जाऊन एक टिपण लिहिलं. त्यात भावार्थ असा की ह्या विद्वानांनी सिद्ध केलंय की माझं पुस्तक देशाला निरुपयोगी आहे, मग मी जगलो तो फुकटच. १९६९ च्या नोव्हेंबरात त्यानं विद्यापीठातच स्वतःवर गोळी झाडली, काही दिवसांनी गेला. त्या एका गोलमेजेनं मारलं असं मी म्हणणार नाही, तो आधीपासून आजारी होता, १९६६ मध्येही त्यानं प्रयत्न केला होता. पण ते टिपण आहे.

आणि त्या टेबलाभोवती आनिबाल किहानो नावाचा तरुण समाजशास्त्रज्ञही होता, टीका करणाऱ्यांत. ह्याच किहानोनं १९९० नंतर मांडलं की १४९२ पासूनच्या जगाची सत्ता वंशाच्या उतरंडीवर उभी आहे, माणसाला इंडियन, काळा, गोरा अशा खान्यांत घातल्याशिवाय भांडवलशाहीला कामाची वाटणी करताच आली नसती. आज जगभरची पोरं किहानो वाचतात. चांगलं आहे, मीही वाचतो. माणूस बदलला ह्याचा मला राग नाही. स्वैपाकघरातल्या माणसानं सांगितलेलं पटायला पंचवीस वर्षं लागली, ती कुणाच्या हिशोबात धरायची?

सरकारांनीही तेच केलं. १९६९ ला पेरूच्या लष्करी राजवटीनं जमीन-सुधारणा आणली. मोठी गोष्ट केली, जमीनदारी मोडली. पण त्याच दिवशी, २४ जूनला, 'इंडियन दिना'चं नाव बदलून 'शेतकरी दिन' केलं. इंडियन हा शब्दच सरकारी कागदातून पुसून टाकला. अपमानाचा शब्द होता, बरोबर. पण शब्द गेला आणि अपमान राहिला.

त्याची किंमत ऐका. १९८० मध्ये आयाकुचो भागात, म्हणजे वामान पोमाच्या त्याच वामांगात, तत्त्वज्ञानाच्या एका प्राध्यापकाच्या नेतृत्वाखाली 'सेंदेरो लुमिनोसो'नं, चमकत्या वाटेनं, सशस्त्र युद्ध पुकारलं. त्यांच्या पोथीतही इंडियन नव्हता, फक्त वर्ग. तिकडून लष्कर आलं. मधे गावं भरडली गेली. सत्यशोधन आयोगाचा अहवाल २००३ ला आला. १९८० ते २००० मध्ये मेलेल्या आणि बेपत्ता झालेल्यांचा अंदाज ६९,२८०. तोवर धरलेल्या आकड्याच्या दुपटीहून जास्त. आणि दर चारांतले तीन क्वेचुआ किंवा दुसरी मूळची भाषा मातृभाषा असलेले. हजारोंनी माणसं मेली आणि राजधानीला मोजदादही नव्हती. आणि अभ्यासक? सत्तरच्या दशकात त्याच पहाडांत नातेसंबंध, विधी, विणकाम ह्यांवर टिपणं काढत हिंडत होते. ऑरिन स्टार्न ह्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानं १९९१ ला आपल्याच जातभाईंना विचारलं, तुमच्या नाकाखाली युद्ध शिजत होतं, तुम्हाला दिसलं कसं नाही? हा प्रश्न विचारणारा माणूस मला आवडतो.

आता विकोस. हे प्रकरण गमतीचं आहे आणि मला अजून पुरतं पचलेलं नाही. पेरूच्या आंकाश भागात विकोस नावाची जमीनदारी, मालकी वारास गावच्या धर्मादाय संस्थेची. हो, धर्मादाय. गरिबांच्या दवाखान्यासाठी ही जमीन माणसांसकट भाड्यानं द्यायची. सुमारे सतराशे क्वेचुआ माणसं, आठवड्याचे तीन दिवस मालकाच्या शेतावर वेठ. १९५२ ला ती भाड्यानं कुणी घेतली? अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठानं! अॅलन होल्मबर्ग नावाचे मानववंशशास्त्रज्ञ तिथले जमीनदार झाले. म्हणजे प्राध्यापकच सावकार, आणि गावच प्रयोगशाळा. वाचताना मी शिवी हासडली होती.

पण पुढं वाचा. फुकटची वेठ बंद केली. बटाट्याचं चांगलं बियाणं आणलं, शाळा बांधली, निवडून दिलेले पंच बसवले. मानववंशवाले, शेतीवाले, डॉक्टर, मास्तर एकत्र. १९५७ ला कारभार गावाच्या हाती दिला. मग जमीन विकत मागितली तर मालक विकेनात, पाच वर्षं झुलवलं. १९६२ च्या जुलैत विकोसच्या लोकांनी, मुख्यतः बटाट्याच्या पैशातून, ती विकत घेतली. ज्या जमिनीवर बापजाद्यांनी वेठ केली तीच, वर पैसे मोजून. आणि १९६४ ला गावसभेत ठराव करून त्यांनी अमेरिकन पीस कोरच्या स्वयंसेवकांना चालते व्हा म्हणून सांगितलं. मला विकोसचं सगळ्यात मोठं यश हे वाटतं. परदेशी अहवालात ते नीटसं बसत नाही. २००५ साली विकोसच्या लोकांनी आपल्या आठवणींचं स्वतःचं पुस्तक काढलं. होल्मबर्गला जाऊन तेव्हा चाळीस वर्षं होत आली होती.

बोलिव्हियाचं सांगतो आणि आवरतो. चहावाला दारात उभा आहे, मला दिसतोय.

तिथं इंडियनांच्या सामायिक गावाला आयल्यु म्हणतात. १८७४ च्या कायद्यानं आयल्यु मोडीत काढले, जमीन तोडून तुकड्या तुकड्यानं विकायला मोकळी केली. जमीनदार तुटून पडले. पण १८८३ ला एक पळवाट निघाली. ज्या गावाकडं स्पॅनिश राजाच्या काळातले, सोनं-चांदी मोजून घेतलेले जमिनीचे कागद असतील, त्यांना सूट. झालं! गावोगावच्या म्होरक्यांनी कागदांचा शोध सुरू केला. सांतोस मार्का तुला त्यांचा पुढारी. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. ही माणसं पायी, खेचरावर, दफ्तरखान्यांतून हिंडली. कितीदा तुरुंगात गेली. मार्का तुला १९३९ ला वारला. त्यांचे अर्ज लिहून देणारा एक लेखनिक होता, लेआंद्रो कोंदोरी चुरा. स्वतःच धडपडून अक्षर शिकलेला आयमारा माणूस. म्हणजे बघा, दफ्तरखान्यात जाऊन मूळ कागद काढणं, त्याचा अर्थ लावणं, कायद्याशी ताडून बघणं. ह्याला विद्यापीठात संशोधन म्हणतात. ह्यांनी ते केलं तर ह्यांना दंगलखोर म्हणून आत टाकलं.

त्यांना नंतर विसरले सगळे. १९५२ च्या क्रांतीनंतर बोलिव्हियातही सगळे 'शेतकरी' झाले होते. फाउस्तो रेइनागा एकटा ओरडत होता. त्यानं फानोन वाचला, अमेरिकेतल्या काळ्यांची चळवळ वाचली आणि १९७० मध्ये 'इंडियन क्रांती' लिहिलं. आपल्याकडं १९७२ ला पँथर हे नाव आलं तेही त्याच काळ्या पोरांकडून. एकमेकांचं नाव माहीत नसताना दोन टोकांना एकच वर्तमानपत्र वाचत होतो.

मग १९८३ मध्ये ला पाझच्या सान आंद्रेस विद्यापीठातली आयमारा पोरं आणि सिल्विया रिवेरा कुसिकांकी ह्या समाजशास्त्रज्ञ बाई, ह्यांनी मौखिक इतिहासाची कार्यशाळा काढली. पोरं आपापल्या गावी गेली, आपल्याच आज्यांशी आयमारात बोलली. मार्का तुलाच्या सोबत्यांची म्हातारी पोरं शोधली. लिहिलेलं परत गावात नेऊन वाचून दाखवलं. 'असं नव्हतं, असं होतं' म्हणून म्हाताऱ्यांनी दुरुस्त केलं. १९८४ ला पुस्तिका काढली. आणि पुढं मार्का तुलाची गोष्ट आयमारा भाषेत रेडिओवर मालिका करून ऐकवली, कारण ज्यांची गोष्ट त्यांना वाचता येत नव्हतं. कोंदोरी चुराच्या आठवणींचं पुस्तक १९९२ ला आलं, त्याच्या नावासकट. त्या कार्यशाळेतली माणसं पुढं आयल्यु पुन्हा उभे करण्याच्या कामात शिरली. ह्या कार्यशाळेत भांडणंही झाली, माणसं फुटली, आपल्यासारखीच. पण कॅसेटी गावाच्या कानापर्यंत पोचल्या.

दुरुस्त करायचा हक्क. मला त्या सगळ्या कपाटातून एवढंच हवं होतं. आयला कुणी वाचून दाखवलं असतं तर ती म्हणाली असती, 'पोर दुष्काळात न्हाई गेलं, त्याच्या आदल्या साली गेलं.' किंवा म्हणाली असती, 'ही ओवी माझी न्हाई, ही सासूबाईंची.' काय माहीत काय म्हणाली असती.

२०१९ ला मी त्या संस्थेला पत्र लिहिलं. उत्तर म्हणून फॉर्म आला. संशोधनाचा विषय लिहा. मार्गदर्शकाची शिफारस जोडा. मी विषयाच्या जागी लिहिलं, माझी आई. मार्गदर्शकाची जागा रिकामी सोडली. अपूर्ण म्हणून फॉर्म परत आला. दुसऱ्यांदा पाठवला, उत्तर नाही. आता तिसऱ्यांदा एकट्यानं पाठवायचा नाही असं ठरवलंय.

तुमच्या घरांतही कुणीतरी टेपसमोर बोललंय. सत्तर-ऐंशीच्या दशकात आपल्या वस्त्यांतून कितीतरी संशोधक येऊन गेले. मला आत्तापर्यंत अकरा माणसं सापडलीत, त्यातली चार हयात. मागच्या टेबलावर निळी वही ठेवलीय. आज घरी जाऊन विचारा : कोण आलं होतं, कुठल्या साली, काय विचारलं, फोटो काढला का, कॅसेट किती. आणि उद्या सकाळच्या सत्राआधी येऊन वहीत लिहा. नाव पूर्ण लिहायचं, बापाच्या आणि आईच्या नावासकट. वय अंदाजे लिहू नका, विचारून लिहा.

आता प्रश्न विचारा. आणि त्या दोघांना टपरीवरून बोलवा कुणीतरी.